कचेरीतले प्रोग्रॅमिंग

प्रोग्रॅमिंग शिकवणारी बहुतेक पुस्तके एका ठरलेल्या वाटेने जातात. आधी पडद्यावर दोन शब्द उमटवायचे, मग मूळ संख्या शोधायच्या, मग फिबोनाची श्रेणी, मग एखादा छोटा खेळ. ज्याला गणिताची किंवा खेळाची ओढ आहे तो या वाटेने आनंदाने चालतो. पण पतसंस्थेत खाती सांभाळणारी, शाळेच्या कार्यालयात दाखले काढणारी किंवा गृहनिर्माण संस्थेची बिले तयार करणारी व्यक्ती बहुधा तिसऱ्या धड्यापाशी थांबते. त्यात तिच्या बुद्धीचा काही दोष नसतो. मूळ संख्या सापडल्या काय आणि न सापडल्या काय, तिचे काहीच अडत नाही. अशा माणसांसाठी दुसरी एक शाळा त्यांच्या टेबलावरच आहे: कचेरीतला डेटाबेस आणि त्याचे मॅक्रो. नवशिक्याने प्रोग्रॅमिंगमध्ये खरोखर शिकायच्या गोष्टी दोनच असतात. आपल्याजवळच्या माहितीला नेमका आकार द्यायचा, आणि तोंडी चालत आलेला नियम एकही फट न ठेवता लिहून काढायचा. कचेरीतला डेटाबेस या दोन्ही गोष्टी करायला भाग पाडतो आणि तेही अशा विषयात, जिथे उत्तर बरोबर आले की चूक हे शिकणाऱ्याला स्वतःलाच कळते. म्हणून प्रोग्रॅमर होऊ न इच्छिणाऱ्या माणसासाठी प्रोग्रॅमिंगची ही सर्वांत चांगली सुरुवात आहे, असे माझे म्हणणे आहे.

ही कल्पना नवी नाही. १९८३ साली बाजारात आलेल्या लोटस १-२-३ मध्ये मॅक्रो म्हणजे कळा दाबण्याचा क्रम तक्त्याच्या कप्प्यात लिहून ठेवणे, एवढाच मूळ अर्थ होता. वेन रॅटलिफ यांनी घडवलेला आणि अ‍ॅश्टन-टेट कंपनीने विकलेला डीबेस त्याच दशकात लोकप्रिय झाला. त्यात आज्ञा एकेक करून देता येत आणि त्याच आज्ञा फाइलमध्ये ओळीने लिहिल्या की प्रोग्रॅम तयार होई. वापरणारा आणि लिहिणारा यांच्यात तिथे भिंत नव्हती. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये डीबेस आणि फॉक्सप्रो शिकवले जात, आणि वाणिज्य शाखेच्या कितीतरी मुलामुलींनी लूप (पुनरावृत्ती) आणि अट यांची पहिली ओळख पगारपत्रक किंवा मालसाठ्याची यादी करता करता करून घेतली. १९९२ साली मायक्रोसॉफ्टचा अ‍ॅक्सेस आला. पुढच्या वर्षी एक्सेल ५ बरोबर व्हिज्युअल बेसिक फॉर अ‍ॅप्लिकेशन्स, म्हणजे व्हीबीए, ही भाषा आली आणि ऑफिस ९७ पर्यंत ती वर्ड, एक्सेल, अ‍ॅक्सेस या सगळ्यांत पोचली. अमेरिकी अभ्यासक बॉनी नार्डी यांनी १९९३ सालच्या ‘अ स्मॉल मॅटर ऑफ प्रोग्रॅमिंग’ या पुस्तकात याच प्रश्नाचा विचार केला आहे. औपचारिक भाषा सामान्य माणसाला झेपत नाही हा समज त्यांनी खोडून काढला. भाषा त्याच्या कामाविषयी बोलत असेल तर ती तो शिकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मात्र मॅक्रो वापरणे म्हणजे प्रोग्रॅमिंग शिकणे नव्हे. एक्सेलमध्ये मॅक्रो रेकॉर्ड करण्याची सोय आहे. बटण दाबा, नेहमीचे काम करा, पुन्हा बटण दाबा, की केलेल्या कृती व्हीबीएच्या ओळी होऊन उतरतात. समजा, बँकेतून आलेल्या उताऱ्यात ३७ ओळी होत्या आणि त्यांची बेरीज अडतिसाव्या ओळीत मांडण्याचे काम रेकॉर्ड केले. पुढच्या महिन्यात ४३ ओळी आल्या, तरी मॅक्रो अडतिसाव्या ओळीतच बेरीज मांडतो आणि तिथली खरी नोंद पुसून टाकतो. तुम्ही काय केले ते त्याने टिपले होते, का केले ते टिपले नव्हते. रेकॉर्डर ‘जर’ कधीच लिहीत नाही आणि ‘नोंदी संपेपर्यंत’ हेही लिहीत नाही. निर्णय आणि पुनरावृत्ती या प्रोग्रॅमिंगच्या दोन मूळ क्रिया माणसालाच घालाव्या लागतात. म्हणून खरे शिकणे ऑल्ट आणि एफ११ दाबून ते रेकॉर्डिंग उघडले, वाचले आणि त्यात पहिला बदल केला, तिथून सुरू होते. अ‍ॅक्सेसमध्ये तर रेकॉर्डरच नाही. तिथे मॅक्रो म्हणजे ‘हा फॉर्म उघड’, ‘ही क्वेरी चालव’, ‘हा निरोप दाखव’ अशा तयार कृतींतून निवड करून केलेली यादी, आणि तिच्यात अट घालण्याची जागा आहे. ही यादी हवी तेव्हा व्हीबीएमध्ये बदलून घेता येते. आपण निवडलेली प्रत्येक कृती भाषेत कशी लिहिली जाते, हे मग ओळीला ओळ लावून वाचता येते.

एक्सेलपेक्षा डेटाबेसची शाळा कडक आहे, आणि तिचा खरा गुणही तोच आहे. एक उदाहरण घेऊ. साठ सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेचा हिशेब बहुधा एका मोठ्या तक्त्यात असतो: सदनिकेला एक ओळ, सभासदाचे नाव, आणि पुढे एप्रिल ते मार्च असे बारा रकाने. वर्ष सुरळीत गेले तर हा तक्ता पुरतो. पण ऑगस्टमध्ये एक सदनिका विकली जाते, एका सभासदाच्या दोन सदनिका निघतात, कोणी तीन महिन्यांचा एकच चेक देतो, कोणी बिलातली निम्मीच रक्कम भरतो. मग कप्प्यांना रंग द्यायचे, शेरे चिकटवायचे, जुन्या नावावर रेघ मारून नवे लिहायचे, असे सुरू होते. डेटाबेसमध्ये हे चालत नाही. तिथे सभासद, सदनिका, मालकी, बिले आणि पावत्या ही वेगवेगळी कोष्टके करावी लागतात, प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळख द्यावी लागते, आणि मालकीला ‘केव्हापासून, केव्हापर्यंत’ अशा दोन तारखा जोडाव्या लागतात. आयबीएममधले एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमधून आलेली ही शिस्त आहे, आणि तिचे रोजच्या कामापुरते सार असे की एक गोष्ट एकाच जागी नोंदवावी. हे साधले की मॅक्रोची निम्मी गरजच संपते. थकबाकी म्हणजे बिलांची बेरीज वजा पावत्यांची बेरीज. त्यासाठी लूप लागत नाही, एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला एक प्रश्न, पुरते. अ‍ॅक्सेसमध्ये क्वेरी माऊसने मांडता येते आणि एसक्यूएल व्ह्यू उघडला की तीच क्वेरी भाषेत लिहिलेली दिसते. ‘काय हवे’ ते सांगण्याची एक पद्धत असते आणि ‘कसे करायचे’ ते सांगण्याची दुसरी, हा संगणकशास्त्रातला मोठा भेद शिकणाऱ्याला इथे पहिल्याच महिन्यात भेटतो.

आता नियमाकडे वळू. सदनिका भाड्याने दिली असेल तर संस्था नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते. महाराष्ट्रात त्याची कमाल मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के आहे, आणि मालकाचे जवळचे कुटुंबीय राहत असतील तर तो लागत नाही. बैठकीत हा नियम एका वाक्यात सांगून होतो. मॅक्रोमध्ये तो लिहायला बसले की प्रश्न सुरू होतात. भाडेकरू आहे हे कोणत्या रकान्यात नोंदले आहे? सदनिका बंद असेल तर? भाडेकरू महिन्याच्या १२ तारखेला गेला, तर पूर्ण महिन्याचा आकार की दिवसांच्या हिशेबाने? मुलगा राहत होता आणि त्याने नंतर एक खोली दुसऱ्याला दिली तर? यांतल्या अनेक प्रश्नांची उत्तरे कमिटीने कधी ठरवलेलीच नसतात. आजवर कोणी तरी दर वेळी अंदाजाने निभावून नेत होते. यंत्राला अंदाज सांगता येत नाही, म्हणून लिहिणाऱ्याला उठून सचिवांना विचारायला जावे लागते. हा वेळ प्रोग्रॅमिंगबाहेरचा वाटतो, पण प्रोग्रॅमिंगचा गाभा तोच आहे. पाठ्यपुस्तकातली उदाहरणे आधीच घासूनपुसून दिलेली असतात. नियमातली फट शोधण्याचे काम लेखकाने करून टाकलेले असते, त्यामुळे विद्यार्थ्याच्या वाट्याला फक्त भाषांतर उरते.

चुकांच्या बाबतीतही कचेरी पाठ्यपुस्तकाला मागे टाकते. फिबोनाचीचे उत्तर चुकले तर नवशिक्याला पुस्तकावर विश्वास ठेवावा लागतो. बिलांची बेरीज चुकली तर बँकेचे पासबुक समोर असते. आणि या चुका उथळ नसतात. पावतीची रक्कम शून्य असणे आणि रक्कम नोंदलेलीच नसणे या डेटाबेसच्या लेखी वेगळ्या गोष्टी आहेत. न नोंदलेल्या किमतीत काहीही मिळवले की उत्तरही ‘माहीत नाही’ असेच येते आणि एका सभासदाची थकबाकी यादीतून चक्क कोरी निघते. तारखेचा घोटाळा तर आपल्या आर्थिक वर्षाच्या उंबरठ्यावरच होतो. व्हीबीएमधून अ‍ॅक्सेसला एसक्यूएल देताना ३ एप्रिल ही तारीख ०३/०४ अशी लिहिली, तर ती अमेरिकी पद्धतीने, महिना आधी धरून, ४ मार्च अशी वाचली जाते आणि पावती मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. १३ एप्रिलची पावती मात्र बरोबर जागी राहते, कारण तेरावा महिना नसतो. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच डोके वर काढणारी ही चूक शोधून काढणाऱ्याला चाचणीसाठी कोणत्या तारखा निवडाव्यात हे पुन्हा सांगावे लागत नाही. अपूर्णांक पूर्णांकात आणण्याचेही तसेच. एक्सेलच्या कप्प्यातले राउंड हे सूत्र २.५ चे ३ करते, पण व्हीबीएमधले त्याच नावाचे फंक्शन २ करते, कारण ते अर्ध्यावरच्या आकड्याला जवळच्या सम संख्येकडे नेते. आणि साठ सदनिकांना तीन हजार रुपयांनी गुणून आलेले १,८०,००० इंटिजर प्रकारच्या जागेत ठेवायला गेले, तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो, कारण त्या जागेत ३२,७६७ च्या वरची संख्या मावत नाही. डेटा टाइप हा रटाळ वाटणारा धडा अशा वेळी आपोआप गळी उतरतो.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक धडा मिळतो, आणि तो जरा अनपेक्षित आहे. अ‍ॅक्सेस २००० पासून कोष्टकांत युनिकोड साठवले जाते, त्यामुळे सभासदांची नावे देवनागरीत नीट राहतात. पण व्हीबीएची लिहिण्याची खिडकी अजून युनिकोडच्या आधीच्या काळातली आहे. तिथे ‘थकबाकी भरावी’ असे टाइप केले की प्रश्नचिन्हांची रांग उमटते. पुष्कळ जण इथे मराठीचा नाद सोडून देतात. खरे तर वाट सरळ आहे. सगळे निरोप आणि शीर्षके एका कोष्टकात ठेवायची आणि मॅक्रोत फक्त त्यांचा क्रमांक लिहायचा. एखादेच अक्षर हवे असेल तर सीएचआरडब्ल्यू या फंक्शनला त्याचा युनिकोड क्रमांक द्यायचा. ‘अ’चा क्रमांक २३०९ आहे. अडचणीतून काढलेली ही वाट व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये शिस्त म्हणून पाळली जाते. वापरणाऱ्याला दिसणारा मजकूर कोडमध्ये न ठेवता वेगळा ठेवला, की भाषा बदलताना कोडला हात लावावा लागत नाही. जुन्या फाइली श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतील, तर त्या युनिकोडमध्ये आणणे हाही चांगला अभ्यास आहे. त्या फॉन्टांमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. जोडाक्षर आले की ती नेमकी किती जागा पुढे न्यायची, याचा नियम स्वतः शोधावा लागतो.

या मार्गावर पहिला आक्षेप जुना आहे. एड्सगर डाइक्स्ट्रा या थोर संगणकशास्त्रज्ञाने १९७५ सालीच लिहून ठेवले होते की बेसिक भाषेचा संस्कार झालेल्या विद्यार्थ्याला चांगले प्रोग्रॅमिंग शिकवणे जवळजवळ अशक्य आहे. व्हीबीए बेसिकच्याच घराण्यातली. पण त्यांच्यासमोरचे बेसिक ओळींच्या क्रमांकांचे आणि कुठूनही कुठेही उडी मारण्याचे होते. आजच्या व्हीबीएमध्ये काम छोट्या प्रक्रियांत विभागता येते. तरीही आक्षेपात तथ्य आहे, कारण व्हीबीए ढिलाई खपवून घेते. नाव जाहीर न करता चल वापरला आणि पुढे त्याचे स्पेलिंग चुकले, तर ती तक्रार न करता नवा रिकामा चल तयार करते. ‘चूक झाली तरी पुढे चल’ अशी एक आज्ञाही तिच्यात आहे, आणि घाईत असलेला माणूस ती प्रत्येक मॅक्रोच्या माथ्यावर लिहून मोकळा होतो. पहिल्या दोषावर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ ही एक ओळ पुरते. दुसऱ्यावर संयम हाच उपाय. वाईट सवयी भाषेपेक्षा शिकवणुकीतून अधिक लागतात, आणि पहिल्या दिवसापासून दोन-तीन नियम पाळले तर त्या टळतात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: ही भाषा मावळतीला लागली आहे, मग सरळ पायथनच का शिकू नये? ज्याला प्रोग्रॅमिंगचा व्यवसाय करायचा आहे त्याने जरूर पायथनपासून सुरुवात करावी. अ‍ॅक्सेस फक्त विंडोजवर चालतो, त्याची फाइल दोन गिगाबाइटच्या पुढे जात नाही, आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालत नाही, या मर्यादा खऱ्या आहेत. पण फॉक्सप्रोचे उदाहरण पाहा. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००४ साली आली आणि २००७ साली मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले. त्या आज्ञा आज फारशा कोणाला लागत नाहीत. मात्र कोष्टक, इंडेक्स, अट आणि लूप हे ज्यांना तिथे समजले, त्यांना ते पुढच्या प्रत्येक भाषेत उपयोगी पडले. विकत सॉफ्टवेअर घ्यायचे नसेल तर लिबरऑफिस बेस मोफत मिळतो आणि त्याचे मॅक्रो बेसिकप्रमाणे पायथनमध्येही लिहिता येतात. गूगल शीट्समध्ये रेकॉर्ड केलेला मॅक्रो तर जावास्क्रिप्टच्या रूपातच उतरतो. शिकणाऱ्याला दुसरी भाषा तिथेच भेटते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: हौशी माणसांच्या हातातली अशी साधने धोकादायक असतात. १९९९ साली मेलिसा या मॅक्रो-व्हायरसने जगभरच्या कार्यालयांची ई-मेल व्यवस्था कोलमडवली होती, आणि इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो आपोआप रोखून धरण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने २०२२ साली घेतला. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून कोरोनाचे १५,८४१ बाधित रुग्ण आठवडाभर गळले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत चढवली जात होती, त्या प्रकारात ६५,५३६ च्या पुढे ओळीच नसतात, आणि उरलेल्या नोंदी गुपचूप बाहेर राहिल्या. या घटनेतून ‘कचेरीत मॅक्रो नकोत’ असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही, कारण मॅक्रो बंद केले तरी तक्ते वापरात राहणारच, फक्त ते न समजता वापरले जातील. आलेल्या नोंदी किती आणि चढलेल्या नोंदी किती, हे दोन आकडे जुळवून पाहणारी एक ओळ त्या कामात असती, तर गळती पहिल्याच दिवशी उघड झाली असती. रोजकीर्द आणि खतावणी जुळवणाऱ्या माणसाला ही तपासणी शिकवावी लागत नाही, ती त्याच्या हाडीमाशी असते. त्याला फक्त ती यंत्राकडून करून घ्यायला शिकायचे आहे. लिहिणाऱ्याची बदली झाली की त्याचा मॅक्रो कोणालाच कळत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. प्रत्येक अटीशेजारी ती का घातली हे मराठीत लिहून ठेवणे हा तिच्यावरचा उपाय. खिडकी देवनागरी घेत नसेल तर ही टिपणेही कोष्टकात ठेवावीत.

आता चौथा आक्षेप नव्याने ऐकू येतो: कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती क्षणात मॅक्रो लिहून देते, मग शिकायचे कशाला? ती लिहून देते, यात शंका नाही. पण भाडेकरू १२ तारखेला गेल्यावर काय करायचे हे तिला कोण सांगणार? आणि ३ एप्रिलची पावती मार्चमध्ये गेली हे कोण ओळखणार? लिहिण्याचे कष्ट कमी झाले की नियम नेमका सांगण्याची आणि उत्तर तपासण्याची जबाबदारी अधिक मोठी होते. ही दोन्ही कामे ज्याला विषय माहीत आहे तोच करू शकतो, पण त्यासाठी त्याला समोरचे कोड निदान वाचता आले पाहिजे. एफ८ दाबत एकेक ओळ चालवून पाहणे आणि दर ओळीला कोणता आकडा बदलला ते तपासणे, ही सवय लागलेला कारकून तयार मिळालेल्या मॅक्रोलाही योग्य प्रश्न विचारू शकतो.

या शाळेची हद्दही सांगायला हवी. लाखो नोंदींवर कोणती पद्धत जलद चालते, एकाच वेळी शेकडो माणसांनी वापरायची यंत्रणा कशी बांधतात, अनेकांनी मिळून लिहिलेले कोड कसे सांभाळतात, हे इथे कळत नाही. त्यासाठी पुढच्या वर्गात जावेच लागते. पण पहिल्या वर्गासाठी याहून सोयीची जागा नाही. तेव्हा दर महिन्याला करावे लागणारे एकच कंटाळवाणे काम निवडा. त्याचा नियम आधी कागदावर लिहा आणि तो लागू पडणार नाही अशी निदान तीन प्रकरणे शोधा. मग कोष्टके आखा, क्वेरीने जेवढे होईल तेवढे क्वेरीनेच करा, आणि उरलेल्या कामासाठी मॅक्रो लिहा. तो नेहमी फाइलीच्या प्रतीवर चालवा, मूळ फाइलीवर कधीही नको. पहिले दोन महिने तेच काम हातानेही करा आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहा. ती जुळली नाहीत, तर का जुळली नाहीत याचा शोध लागेपर्यंत मॅक्रो कामाला लावू नका.